खाली कातळ असतो

"हिच्या घरी सगळं खानदान बसून गणित सोडवतंय," असं म्हणत गुरुजींनी माझी वही वर धरली आणि माझं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. 'तीस दिवस. कारण खाली कातळ असतो.' वर्ग खदखदून हसला. मी सहावीत होते. निपाणीजवळचं गाव, सत्तर-पंचाहत्तरची गोष्ट.

गणित असं होतं: आठ मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर चार मजूर किती दिवसांत खणतील? आदल्या संध्याकाळी चुलीपुढं मी ते मोठ्यानं वाचलं होतं. आप्पा विहिरी खणायचे, आई मातीच्या पाट्या उचलायची. दोघांना अक्षर येत नव्हतं, पण रोज माझ्या गणिताला दोघंही बसायची. दिवसभरात तेवढीच वेळ मला आवडायची.

"चोवीस झालं पुस्तकाचं," आप्पा म्हणाले. "कातळाचं सा दिस वर धर."

"आन् पाट्या उचलणाऱ्या बायका कुठं हाईत त्यात?" आईनं विचारलं. तिघंही लई हसलो. मी तीस लिहिलं.

वर्गात गुरुजींनी विचारल्यावर मी आप्पांचं नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, "बापाला सांग, खड्डे खण. गणितात तोंड घालू नको."

शाळेची विहीर आप्पांनीच खणली होती. तिथला कातळ फोडताना त्यांची दोन बोटं गेली. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी त्याच विहिरीचं पाणी आम्हाला लांबून ओंजळीत ओतायचे.

मग मला फळ्यापुढं उभं केलं. "लिही, माझ्या बापाला गणित येत नाही. शंभर वेळा."

'माझ्या बापाला' एवढं लिहिलं. खडू खाली ठेवला.

"मी लिवणार न्हाय."

छड्या खाल्ल्या. वर्षभर दाराबाहेर बसले. नापास झाले. शाळा तिथंच संपली.

त्याचं मला एवढं काही नाही. पण गुरुजींचं ते बोलणं त्याच दिवशी वस्तीत पोचलं. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली तर आप्पा उठून बाहेर जाऊन बसले.

"मला न्हाय कळत त्यातलं. गुर्जी सांगत्यात तसं लिव."

"आप्पा, तुमचंच बरोबर हाय," मी रडून सांगितलं. ते मरेपर्यंत माझ्या वहीजवळ बसले नाहीत. आईनंही मग गणितात तोंड घातलं नाही. आमच्या घरातलं ते हसणं गेलं ते गेलंच.

लग्न होऊन शहापूरला आले. विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते. काही बदललं नाही, बदलेल असं वाटतही नाही. पण फळ्यावरचं ते वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही. करणार नाही. आणि माझं उत्तर तीसच आहे.