केव्हला वाढलेले सदूकाकांचे पिंड

आमच्या घराण्यात आजवर दोनदा जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं गेलं. पहिलं रूढीने, दुसरं माझ्या आळसाने.

पहिल्याचे मानकरी सदूकाका, म्हणजे माझ्या बाबांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. ते बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला पळाले. समुद्र ओलांडला म्हणून घरच्यांनी त्यांचं घटश्राद्ध घातलं. माणूस तिकडे धडधाकट, आणि इकडे 'मेला' म्हणून जाहीर! (समुद्र मीही ओलांडला. पण मला इथे कायम राहायचा पीआर मिळाल्यावर पेढे वाटले गेले.) पुढे बाबांचे आजोबा स्वतः जायला टेकले, तेव्हा सात वर्षांच्या बाबांचा हात धरून म्हणाले, "सद्याला पाणी द्या रे कुणीतरी." बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. यंदा साताऱ्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सला आले ते एवढ्या एका कामासाठी.

येताना दर्भ आणि काळे तीळ आणले होते, ते एअरपोर्टवरच जप्त. "कशासाठी?" असं विचारल्यावर बाबांनी खरं ते सांगितलं, "फॉर डेड अंकल." त्यावर त्यांच्या उरलेल्या दोन्ही बॅगाही उघडल्या गेल्या.

सदूकाकांना शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी आयटीवाला ना! टूवूंबा शहराच्या पलीकडे, दोन तासांवरच्या एका गावात ते खेडोपाडी कापड विकत फिरायचे आणि तिथेच वारले, इथवर मी पोचलो. मग गावच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंची ईमेल आली. 'मागची रांग, कुंपणाजवळ. नाव नाही.' खाली आणखी दोन पानं होती. ती मी वाचली नाहीत. (मीटिंग होती हो!)

तीळ पेंडल हिलच्या देशी दुकानातून घेतले, दर्भाच्या जागी टूवूंबातल्या मोटेलच्या लॉनवरचं गवत उपटलं आणि पिंडांचा भात मोटेलच्याच मायक्रोवेव्हमध्ये शिजवला. बाबा नुसते त्या मायक्रोवेव्हकडे बघत राहिले.

गावात एक पब, एक पेट्रोल पंप आणि एक दफनभूमी. मी भाड्याची पांढरी गाडी थेट आत घेतली आणि कुंपणापाशी झाडाच्या सावलीत, मोकळ्या गवतावर लावली. बायकोने, म्हणजे मानसीने, बॉनेटवर डबा उघडला. आमची नऊ वर्षांची सई तिथेच सँडविच खात उड्या मारायला लागली. बाबा मात्र सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता उभे.

"नित्या, कुठे रे माझा सदूकाका?"

मी मागच्या रांगेत फिरलो. सगळ्या दगडांवर नावं, आणि एकच दगड कोरा. सापडले!

"अहो, पण हा नवा कोरा दिसतोय," मानसी म्हणाली. "चकाकतोय बघा ना."

"इथली हवा कोरडी असते," मी म्हणालो. (एवढ्या आत्मविश्वासाने मी आजवर एकही खरी गोष्ट सांगितलेली नाही.)

बाबांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दक्षिणेकडे तोंड केलं आणि तीन पिंड मांडले. शेवटी हात जोडून म्हणाले, "सदूकाका, चुकलं आमच्या लोकांचं. आता घरी चला."

आणि काय सांगू! तोंडातलं वाक्य संपायच्या आत झाडावरून कावळा आला नि एक पिंड घेऊन गेला! आमच्या आईच्या दहाव्याला कावळ्याने दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. बाबा हमसून हमसून रडायला लागले. "शिवला रे! लगेच शिवला! किती वाट बघत होता बिचारा!" मीही रडलो. मानसीने माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघितलं. पहिल्यांदा आणि शेवटचं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जी'डे! माझ्या अंगावर काय चाललंय, मेट?"

टोपीवाला एक उंच म्हातारा, हातात पाण्याची झारी. नाव केव्ह. ही जागा त्याची. बायकोशेजारची, आधीच घेऊन ठेवलेली. दगडही आणून बसवलेला. नाव कोरायचं बाकी होतं, कारण मरायचं बाकी होतं!

"हे काय ठेवलंय?" त्याने वाकून विचारलं.

"इट्स लंच," सई म्हणाली. "फॉर डेड पीपल."

"नो वरीज," असं म्हणून केव्हने एक पिंड उचलला आणि आम्ही "अहो, अहो!" म्हणेपर्यंत तोंडात टाकला. "मीठ कमी आहे."

बाबा ओरडले, "जिवंत माणसाला पिंड वाढला! आणि तो जेवला! नित्या, हे कुठे फेडायचं रे आता?"

मी केव्हला कशीबशी सगळी हकीकत सांगितली. तो हसला नाही. टोपी काढून म्हणाला, "तो कापडवाला? माझी आजी सांगायची त्याच्याबद्दल. भला माणूस. त्याच्यावर दगड नाहीच कधी बसवला. आहे याच रांगेत, अगदी शेवटी." आणि त्याने झारी उचलून दाखवलं. "त्या तुझ्या पांढऱ्या गाडीखाली."

(ईमेलच्या दुसऱ्या पानावर नकाशा होता. बाणासकट.)

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तिथे सगळ्या जागा आधीच घेतलेल्या. शंभरएक वर्षांनी सदूकाकांच्या घरची माणसं आली. त्यांनी छातीवर गाडी लावली, वर खापरपणतीला नाचवलं, आणि जेवण शेजाऱ्याला वाढलं!

मी गाडी हलवली. खाली टायरने दबलेलं गवत. उरलेल्या एका पिंडाकडे बाबांनी बघितलं आणि मान हलवली. तो केव्हच्या ताटातला, उष्टा. तीळ संपलेले. मग त्यांनी केव्हची झारी मागितली, गुडघ्यावर बसले आणि त्या गवतावर नुसतं पाणी सोडलं. कावळा वरून बघत होता, पण खाली आला नाही. त्याचं पोट भरलेलं.

"पाणी तरी मिळालं ना बाबा," मी हळूच म्हणालो.

परतीच्या वाटेवर बाबांनी थेट टूवूंबा आल्यावर तोंड उघडलं.

"नित्या, माझे दिवस तूच करणार ना?"

मी लगेच म्हणालो, "म्हणजे काय बाबा! मीच करणार!"

"कर. पण त्याआधी मी खरंच गेलोय का, हे तेवढं मानसीला बघायला सांग."