राऊत सरांच्या एकांताला झालेली गर्दी

राऊत सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले, त्याच दिवशी उशिरा आल्याबद्दल मी त्यांना बोलले. वाटेत कुणाची तरी केळी बाजारात पोहोचवून ते निर्मळ गावाहून सायकलने आले होते. "बरोबर आहे तुमचं, बाई," एवढेच ते म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते हेच म्हणत उशिरा येत राहिले.

पन्नाशीच्या आसपास सरांना कांजिण्या झाल्या. घरात लहान पुतणे, म्हणून ते वाडीतल्या पंपाच्या खोलीत राहायला गेले. पंधरा दिवस मौन आणि नामस्मरण असा त्यांचा बेत होता. पण आपल्याकडे कांजिण्या झाल्या की अंगात देवी आली असे मानतात. चौथ्या दिवशी मी चौकशीला गेले, तेव्हा खिडकीबाहेर सात बायका दहीभात आणि नारळ घेऊन रांगेत होत्या. एक आजी सरांना नातीचे लग्न कधी जमेल ते विचारत होत्या. मी विज्ञानाची शिक्षिका. तिथेच उभी राहून विषाणूंवर दहा मिनिटे बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले आणि मलाही प्रसाद दिला.

सर आतून म्हणाले, "माणसं आली की ऐकतो, गेली की गप्प बसतो. तेवढं पुरतं, बाई."

त्या व्याख्यानाचे फळ मला दोन आठवड्यांत मिळाले: मलाही कांजिण्या झाल्या आणि घरी बसावे लागले. यजमानांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटवर मी फक्त झोपायला जात असे. बाकी वेळ शाळा आणि जादा तास. कांजिण्यांपेक्षा मला त्या रिकाम्या घराची धास्ती होती, आणि हे मी कुणालाही सांगितले नव्हते.

सर बरे झाले होते, त्यांना लागणीचे भय नव्हते. शाळा सुटल्यावर ते रोज येत आणि दार उघडे ठेवून उंबऱ्याशी स्टुलावर बसत. मी काय करायचे, असे पहिल्याच दिवशी विचारले.

"काही नाही. बसायचं."

"किती वेळ?"

"बाई, इथे घंटा नाही."

मी घड्याळ समोर ठेवून बसले आणि चौथ्या मिनिटाला कपाट आवरायला उठले. सातव्या दिवशी मला रडू आले.  सरांनी चहा केला; तो फार वाईट झाला होता.

दहाव्या दिवशी ते आले, तेव्हा मी यजमानांच्या खुर्चीत बसले होते. वर्षभर तिच्यावर मी वह्यांचे गठ्ठे ठेवत असे. सरांनी खुर्चीकडे पाहिले.

"आज मी निघू का?"

"निघा," मी म्हणाले.

आज सर साठ वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि पुढची वर्षे त्यांना भरपूर मिळोत. आजच्या या सत्कारानंतर मात्र सर्वांनी त्यांना तासभर एकटे सोडावे. ही विनंती नाही, सूचना आहे.