कपाशीतले तुरीचे तास

बोरी अरबच्या नागोरावांना सगळे कापूसवाले समजतात. पण त्यांचा जीव कपाशीमधल्या तुरीत. सहा तास कपाशी, मग एक तास तूर, असा वडिलांपासूनचा पेरा. तास म्हणजे पिकाची ओळ.

ऑगस्टमध्ये अपेक्षा नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली. बाहेरदेशची तूर बिनशुल्क यायला लागल्यापासून इथल्या शेतकऱ्याचं पेरायचं मन किती बदललं, ते तिला मोजायचं होतं. मी ओट्यावरच बसलो होतो.

"तूर किती एकर, बाबा?"

"एकरात नाही. तासात हाय."

"फॉर्मवर एकरच आहे." तिनं तुरीपुढे लिहिलं, निरंक.

"निरंक?" नागोरावांच्या पत्नी, कौसल्याबाई, चहा ठेवत म्हणाल्या. "मंग मी डाळ कायची शिजवतो?"

तुरीचा भाव पडला तेव्हा नागोराव कुठल्या मोर्चात गेले नव्हते, कुणाला बोलले नव्हते. तुरीचे तास कमी केले, तेच त्यांचं म्हणणं होतं.

"पेरतच नाही म्हनून लिवलं," ते हळूच म्हणाले, "तर कमी केली, हे कोनाले समजन?" मग माझ्याकडे वळले. "हे भाऊसायेब तलाठी होते. यायनंबी नुसता कापूसच लिवला."

मी मान खाली घातली. सातबाऱ्यावर मिश्र पिकाला रकाना होता. बांधापर्यंत जायचा मला कंटाळा होता.

अपेक्षा उठली. "चला बाबा, दाखवा."

चपला हातात घेऊन ती चिखलातून आडवी चालली. मागून मीही मोजत गेलो. आता दहा तासांमागे एक तूर होती. तिनं फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, आधी सहामागे एक, आता दहामागे एक. नागोरावांनी ते दोनदा वाचायला लावलं.

धुऱ्याजवळ, म्हणजे बांधालगत, तुरीचे दोन तास लागून लागून होते. ती मोजू लागली.

"ते नोको धरू."

"का?"

"ते घरच्या डाळीचे. भाव चढो का पडो, ते पेरतोच."

"मग ते वेगळे लिहायला पाहिजेत, बाबा. बाकीचे भावानं हलतात, हे हलत नाहीत."

"लिव मंग," नागोराव म्हणाले. "पन त्याच्यापुढं कौसल्येचं नाव टाक. तिचेच हायेत ते."