बेल वाजते, दारात कोणी नाही

आमच्या घरात सिनेमाच्या दोन जाती होत्या. बायकोला पोलिसांचे सिनेमे आवडत: पंचनामा, ठसे, 'त्या वेळी तुम्ही कुठे होता?' आणि शेवटी बेड्या. मला मनाच्या खेळांचे. त्यात गुन्हा झालाय की नाही हेच कळत नाही आणि नायक आरशात बघून दचकतो. भाड्याची कॅसेट आणताना यावरूनच वाजे.

"तुमच्या सिनेमात कोणी पकडलंच जात नाही," ती म्हणे.

"तुझ्या सिनेमात कोणी विचार करत नाही," मी म्हणे.

मग आम्ही दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेच्या नव्या सोसायटीत आलो. निम्मे फ्लॅट रिकामे, फोनची लाइन यायची होती, डोक्यावरून विमानं. आणि दुपारी बेल वाजे. दार उघडावं तर कोणी नाही.

थोड्याच दिवसांत बायकोने सांगून टाकलं, "क्वार्टरची किल्ली अजून परत केली नाहीये ना? हा कोण ते महिनाअखेरपर्यंत कळलं नाही, तर मी सामान बांधते."

माझा सगळा प्रॉव्हिडंट फंड या भिंतींत गेला होता. मी जाणकाराच्या सुरात म्हणालो, "अगं, तुला नवी जागा नकोय, म्हणून ती बेल तुझ्या मनात वाजते."

"अच्छा. मग दार उघडायला कामवाली धावते, तीही माझ्या मनातच राहते?"

तिने तपास हाती घेतला. पावलं उमटावीत म्हणून उंबऱ्याबाहेर रांगोळीचा सपाट थर पसरला. रविवारी बेल मीही ऐकली. रांगोळी जशीच्या तशी. "माणूस हुशार आहे," ती म्हणाली. मी आरशात स्वतःला बघून आलो.

शेवटी तिने मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. "बटणावरून नजर हलवायची नाही." मी हलवली नाही. एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन, माझे पाय ओलांडून वर गेले, तरी मी बटणच बघत होतो. त्याला कोणी हात लावला नाही आणि आत बेल वाजली.

बायकोने दार उघडलं. "का वाजवलीत?"

"मी नाही वाजवली."

"इथे दुसरं कोण आहे?"

तिच्या सिनेमात अशा वेळी माणूस कबुली देतो. माझ्या सिनेमात तो स्वतःच्या बोटाकडे बघतो. मी बोटाकडे बघितलं.

तेवढ्यात ते गृहस्थ डब्यासकट पुटपुटत खाली आले, "बुलाते भी हैं, दरवाज़ा भी नहीं खोलते."

बायको तडक जिना चढली आणि वरच्या दाराचं बटण दाबलं. बेल आमच्या घरात वाजली. वायरमनने वरच्यांची तार आमच्या बेलला जोडली होती.

दार ठोठावल्यावर एका आजोबांनी उघडलं. आम्हाला आणि मिठाईवाल्या गृहस्थांना पाहून ते आत वळून आजींना म्हणाले, "सुनो, कोई आया है." जुना मोहल्ला सोडल्यापासून ज्याला बोलवावं तो हो म्हणे आणि येत नसे. आपलं काय चुकलं, हे दोघं रोज एकमेकांना विचारत होते.

उतरताना बायको म्हणाली, "खाली माझा सिनेमा चालू होता, वर तुमचा. मी विचारत होते, कोण आलं. ते विचारत होते, आपल्यातच काही खोट आहे का."

तार बदलली. क्वार्टरची किल्ली तिनेच माझ्या हातात ठेवली, परत करून या म्हणून. रांगोळी मात्र राहू दिली. आजोबांचा नव्या वायरिंगवर भरवसा नव्हता, रोज दुपारी ते खाली येऊन आमची बेल वाजवत, "अब ठीक है?" विचारत आणि वर जात. रांगोळीत त्यांच्या चपलेचा ठसा उमटे. बायको तो कामवालीला पुसू देत नसे.