खिडकीवर टाकलेला रुमाल

हे लिहिण्यासारखं आहे का, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. कारण सुरुवातच उलटीपासून करावी लागते.

माझ्या आईला गाडी लागते. थोडी नाही, फार. तिचं माहेर फोंडाघाट गावचं. लग्न लागल्यावर तिथून कसालजवळच्या आमच्या गावी येताना ती वऱ्हाडाच्या टेम्पोत दोनदा ओकली आणि बाबांनी खिशातला नवाकोरा रुमाल तिच्यापुढे धरला. "आमची वळख रुमालानच झाली," असं बाबा अजून सांगतात आणि आई दर वेळी लाजते.

तेव्हापासून आईची खिडकी धरणं हे बाबांचं काम. एसटी फलाटाला लागते न लागते तोच ते तिच्या कडेने धावतात आणि खिडकीतून हात घालून आतल्या सीटवर रुमाल टाकतात. रुमाल पडला की जागा धरली गेली. त्यावरून आमच्याकडे सहसा कोणी भांडत नाही. मग आई सावकाश चढते, खिडकीशी बसते आणि बाबा तिच्या शेजारी. वाटेत तिला व्हायचं ते होतं. बाबा पाण्याची बाटली पुढे करतात आणि पिकाबद्दल काहीतरी बोलत राहतात, जणू काही झालंच नाही.

एकदाच ती बाबांशिवाय गेली होती. मी सहावीत होते. सावंतवाडीला जायचं होतं, गाडीत गर्दी होती, खिडकी मिळाली नाही आणि आई शेजारच्या बाईच्या साडीवर ओकली. साडी नवी होती. ती बाई म्हणाली, "येवढा लागता, तर घराक बसाचा. लोकांका कित्याक त्रास?" आईने त्या बाईची साडी स्वतःच्या पदराने पुसली. मी शेजारीच उभी राहून ते बघत होते. त्यानंतर आईने लांबचा प्रवासच सोडला. कोल्हापूरच्या मामाच्या मुलाच्या लग्नालाही ती घाट चढून गेली नाही. "परक्या माणसाच्या आंगार मी परत ओकूचंय नाय," एवढंच म्हणाली.

मग गेल्या उन्हाळ्यात ताईचं बाळंतपण आलं. ताई लग्न होऊन हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी तिला हलू नका म्हणून सांगितलं. म्हणजे आता आईनेच जायला हवं होतं. गाडीने जायचं तर वाटेत बदलून दीड दिवस. भावजींनी आम्हा तिघांची विमानाची तिकिटं काढून पाठवली. आमच्या घरातलं कोणीच त्याआधी विमानात बसलं नव्हतं.

"विमान हालता काय गो?" आईने मला विचारलं.

"नाय गे आये. वर काय खड्डे आसत?" मी म्हणाले. ही खात्री माझ्याकडे कुठून आली होती, देव जाणे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे फॉर्म, मोबाईल, बँक, सगळं माझ्याकडे येतं. येतं तेव्हा मला बरं वाटतं आणि भीतीही वाटते. चेक-इनही मीच केलं, सावंतवाडीला कॉलेजच्या वाचनालयात बसून. मोबाईलवर विमानातल्या जागांचा नकाशा आला. प्रत्येक जागेला वेगळे पैसे होते. तिकिटं तर आधीच काढलेली, मग पुन्हा पैसे कसले, ते मला कळेना. भावजींना विचारायला संकोच वाटला. खाली बारीक अक्षरात जागा न निवडता पुढे जायची सोय होती, ती मी दाबली. तिकीट तिघांचं एकच आहे, म्हणजे तिघांना एकत्रच बसवतील, असं मी धरून चालले. एसटीचं आरक्षण केल्यावर तसंच होतं.

तसं झालं नाही. आईला बारा नंबरच्या रांगेतली मधली जागा आली. मला पंधरात, बाबांना बावीसमध्ये. हे मला गोव्याच्या विमानतळावर, काउंटरवरून पास हातात पडल्यावर कळलं; मोबाईलवर आलेले मी उघडून पाहिलेच नव्हते. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. वाक्य मनात दोनदा जुळवून घेतलं होतं, तरी बोलताना निम्मं राहिलं. त्या चिडल्या नाहीत. विमान भरलंय, आत कोणी बदलून देतंय का पाहा, असं म्हणाल्या. मागे रांग होती. मी बाजूला झाले.

आईला मी लगेच सांगितलं नाही. ती सकाळपासून कोऱ्या चहाच्या अर्ध्या कपावर होती. हातात लिंबू होतं, दर पाच मिनिटांनी ते नखाने खरवडून हुंगत होती. आणि शेजारच्या काकींच्या सांगण्यावरून तिने साडीच्या आत पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधली होती. पोटावर कागद असला की ओकारी येत नाही म्हणतात. तपासणीला आडोशाच्या आत गेली तेव्हा बाहेर मला कागद चुरचुरल्याचा आवाज आला. मग आतल्या पोलीस बाईंचा प्रश्न, आणि मग त्या मोठ्याने हसल्या. आई बाहेर आली ती लाल होऊन. "वाचूक घेतलंय म्हणान सांगलंय," ती म्हणाली.

विमानाकडे नेणाऱ्या बसमधून उतरल्यावर मी दोघांना जागांचं सांगितलं. आईने लिंबू नाकाशी धरलं.

बाबा म्हणाले, "तू भिया नको. मी बगतंय." आणि ते जिन्याकडे जवळजवळ धावलेच.

आम्ही दोघी वर पोहोचेपर्यंत आत वाट अडली होती. बाराव्या रांगेपाशी बाबा उभे होते आणि खिडकीच्या सीटवर त्यांचा निळ्या चौकटीचा रुमाल पसरलेला होता.

"रुमाल टाकलंय," ते आम्हाला लांबूनच म्हणाले. "ये गो. बस खिडकीत."

"बाबा, हय तसा चालत नाय."

"कित्याक चालत नाय? कोण बसला नव्हता थंय."

त्यांच्या मागे माणसं बॅगा घेऊन खोळंबली होती. तेवढ्यात माझ्याच वयाची एक मुलगी पुढे आली. गळ्यात हेडफोन, हातात पास. तिने पासवरचा नंबर पाहिला, रुमालाकडे पाहिलं, तो उचलला आणि नीट घडी करून बाबांच्या हातात दिला. मी इतक्या वर्षांत त्यांचा रुमाल कोणी उचललेला पाहिला नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता मीच बोलायला हवं होतं. मी हिंदीत म्हणाले की माझ्या आईला प्रवासात उलटी होते, तुम्ही मधे बसाल का. मुलीने मान हलवली. "सॉरी," ती हिंदीतच म्हणाली. "मला इथेच बसायला हवं." आणि आत सरकून खिडकीला चिकटून बसली.

पलीकडच्या, वाटेकडच्या जागेवर एक वयस्क गृहस्थ होते. बाबांनी त्यांना आपली जागा देऊ केली. त्यांनी गुडघा चोळून दाखवला. पाय लांब करता यावा म्हणून ती जागा त्यांनी मुद्दाम घेतली होती. मग हवाई सुंदरी आली आणि तिने आम्हाला आपापल्या जागी जायला सांगितलं. आई दोघांच्या मधे बसली. पट्टा तिला लागेना, तो त्या गृहस्थांनी लावून दिला.

पंधराव्या रांगेतून मला आई दिसत नव्हती. ती बुटकी आहे, सीटच्या वर तिचा केसही येत नाही. मी फक्त त्या रांगेवरचा छोटा दिवा बघत होते. मदतीला बोलावलं की तो लागतो, असं सुरुवातीला सांगितलं होतं. आईला ते बटण सापडेल का, सापडलं तर ती दाबेल का, मला वाटत नव्हतं. विमान ढगांत शिरलं आणि हललं. चांगलंच हललं. मागून बाबा उठल्याचा आणि त्यांना कोणीतरी खाली बसवल्याचा आवाज आला. मला त्या मुलीचा फार राग आला होता. त्याहून जास्त माझाच. नकाशा माझ्या हातात होता. बाराव्या रांगेतली खिडकी तेव्हा कदाचित रिकामीच असेल.

दिवा काही लागला नाही.

उतरल्यावर लोक बाहेर जाईपर्यंत मी थांबले आणि बारापाशी गेले. आई पट्टा सोडवत बसली होती. साडी कोरडी. चेहराही उतरलेला नव्हता.

"ओकलंस?"

"माका ओकूक सवड खंय गावली?" आई खिडकीच्या रिकाम्या सीटकडे बोट करून म्हणाली. "ता चेडू बापडा नुसता कापत होता. तुझ्याच वयाचा. पयल्यांदाच एकटा खंय जाता. नोकरी लागली हा तेका. बापाशीन सांगल्यान, खिडकीकडे बस, भायर बघ, म्हंजे भय वाटाचा नाय. म्हणान थंयसर बसला."

"तुका ह्या सगळा कसा कळला?"

"हिंदी येता माका. टीव्ही बगतंय नाय मी?"

विमान हललं तेव्हा त्या मुलीने आईचा हात पकडला होता. मग तिला मळमळायला लागलं. आईने तिला लिंबू हुंगायला दिलं, डोळे मीट म्हणाली, आणि पदराखाली हात घालून पोटावरच्या वर्तमानपत्राची घडी काढून तिच्या पोटावर ठेवली. वरून तिची बॅग दाबून धरायला लावली. पूर्ण वेळ आई तिचा हात धरून बसली होती. गुडघेवाल्या गृहस्थांनी लागेल तर असावी म्हणून कागदी पिशवी उघडून तयार ठेवली होती. ती लागली नाही.

सामानाच्या पट्ट्यापाशी ती मुलगी दिसली. आमचं वर्तमानपत्र तिच्या काखेत होतं. तिने आईला लांबून हात केला आणि माझ्याकडे पाहून ओशाळं हसली. मीही हसले. काहीतरी बोलायला हवं होतं. पण तिची बॅग आली आणि ती गेली.

ताईला मुलगी झाली. काजूचं काम पडलं होतं म्हणून बाबा चार दिवसांनी परतले. आई आणि मी दीड महिना राहिलो. परतीच्या वेळी मी जागा न निवडता पुढे गेले नाही. ताईला शेजारी बसवलं, जे कळत नव्हतं ते विचारलं, आणि खिडकी आणि तिच्या शेजारची, अशा दोन जागा घेतल्या.

आई खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. नवं लिंबू होतं, नवं वर्तमानपत्र होतं. आभाळ स्वच्छ होतं, विमान जरासुद्धा हललं नाही. आणि गोव्याचं पाणी खाली दिसायला लागलं तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पिशवी धर गो."

मी धरली. ती ओकली, बराच वेळ. माझ्या हातावर थोडं आलं. तिने पदर पुढे केला नाही, माफीही मागितली नाही. मला एसटीतले बाबा आठवले, म्हणून मी पिकाबद्दल बोलायला लागले. यंदा काजू कसा झाला असेल वगैरे. मला त्यातलं काही कळत नाही. आईने खिडकीच्या काचेला डोकं टेकलं आणि म्हणाली, "वायच बरा वाटला."

बाबा न्यायला आले होते. आईच्या हातातली सामानाची पिशवी घेत त्यांनी मला हळूच विचारलं, "ओकली काय गो?"

"होय."

त्यांचा चेहरा उतरला. "शेजाराक कोण होता?"

"मी होतंय."

"मगे बरा झाला," बाबा म्हणाले, आणि भाड्याने आणलेल्या गाडीकडे पुढे गेले. मागच्या खिडकीशी रुमाल आधीच टाकलेला होता.