मागे कोण बसतं?

घाटकोपरच्या गॅरेजमधले ते काका गाडी आधी हातांनी दाबून बघतात, बोनेटवर दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून. बोलतात कमी, पण जे बोलतात ते "समजलं का?" वर संपतं.

माझ्या छोट्या, वेगवान सेकंडहँड गाडीला मी व्हिडिओ बघून कडक सस्पेन्शन बसवलं होतं. वळणावर ती रस्त्याला चिकटून राहायची, पण खड्ड्यात आईची कंबर धरायची. "ही गाडी विकून टाक, नाहीतर मी रिक्षाने जाईन," आईने सांगून टाकलं.

दोन गॅरेजवाल्यांनी समोर मुलगी बघून "भावाला पाठवा" म्हटलं. काकांनी एवढंच विचारलं, "मागे कोण बसतं?"

"आई."

"मग त्यांना घेऊन ये. रिकामी गाडी सेट करून काय फायदा? समजलं का?"

आई कुरकुरत आली. काका तिच्या शेजारी मागे बसले आणि मला गाडी चालवायला लावली. प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर ते विचारायचे, "ताई, कुठे लागलं?"

"पाठीत. अजून कुठे लागणार?"

ती असं म्हणाली की लगेच काका गाडी थांबवायला सांगून, उतरून, चाकाजवळच्या शॉकअपचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीचा, स्क्रू दोन खटके सैल करायचे. स्वतःचं मत एकदाही दिलं नाही.

चौथ्या फेरीत मी मोकळं वळण जरा जोरात घेतलं. गाडी झुकली नाही. पुढे स्पीडब्रेकर आला, गेला. मागून चकार शब्द नाही. मी घाबरून आरशात पाहिलं. काकांनी वरचं हँडल घट्ट धरलं होतं.

आई म्हणाली, "परत घे गं ते वळण."