पत्तेवाली वहिनी

माझ्या वहिनीला कंपनीत सगळे पत्तेवाली म्हणायचे. जुगारी समजू नका, तिने उभ्या जन्मात पत्त्यांचा डाव मांडलेला नाही. बसच्या दारांची उघडझाप करणाऱ्या खोक्यात एक छोटा प्रोसेसर असतो, त्याचं कर्नल ती लिहायची. मिशीवाला लष्करातला कर्नल नव्हे, हा आतला कारभारी. कुठला प्रोग्राम मेमरीत कुठे बसेल, दाराच्या सेन्सरचं उत्तर कुठल्या पत्त्यावर मिळेल, याचा तक्ता तिच्या हाती. मी त्याच कंपनीत खाली त्या खोक्यांची झाकणं स्क्रूने बंद करते. म्हणजे जे झालं त्याला माझाही हात लागलाय, म्हणून जास्तच राग येतो.

गेल्या वर्षी साहेबांनी स्वस्तातला नवा प्रोसेसर आणला. वहिनी म्हणाली, "तक्ता ओळ न् ओळ तपासावा लागेल. चार दिवस द्या."

"जुना आहे तसाच उचल," साहेब म्हणाले. "बायकांना घरासारखं सगळं परत परत पुसायचं असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीने मात्र जुना तक्ता तसाच उचलला. तिच्या त्या ऐकून घेण्याचाही मला राग आहे.

मग एका बसचं दार एका आजीबाईंच्या हातावर मिटलं. मनगट मोडलं. दारात काही अडकलं की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागतो आणि दार आपोआप उघडतं. ते उघडलंच नाही. ड्रायव्हर जीव तोडून सांगत होता, दिवा हिरवाच होता. गरिबाचं कोण ऐकतो? त्याला घरी बसवलं, चौकशी लावली. साहेब जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "डुलकी लागली असेल. नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे खिदळले. वहिनीने अर्धा डबा तसाच बंद केला आणि ती वर गेली. मीही मागोमाग गेले.

वर चाचणीसाठी बसचं एक दार उभं केलंय. तिने बाकीची सगळी कामं बंद केली आणि त्या दारात लाकडी पट्टी धरली. दार पट्टीवर मिटलं. दिवा हिरवा.

"नव्या प्रोसेसरला एक खोड आहे," ती म्हणाली. "एकदा वाचलेलं तो जवळ जपून ठेवतो. पुन्हा विचारलं की उठून बघत नाही, मघाचंच उत्तर देतो. साध्या मेमरीला ते चालतं. सेन्सरच्या पत्त्यापुढे 'दरवेळी जाऊन बघ' असं नोंदवावं लागतं. ते मी नोंदवलेलं नाही."

"मग चाचणीत कसं सापडलं नाही?"

"नेहमीच्या चाचणीत एकदम दहा कामं चालू असतात, जुनं उत्तर पुसलं जातं. बस थांब्यावर निवांत उभी असली की तेच राहतं."

वहिनीने हे चौकशीत सांगायचं ठरवलं. घरी दादा तिला म्हणाला, "कशाला विस्तवाशी खेळतेस? तो ड्रायव्हर तुझा कोण लागतो?" मी म्हटलं, "दादा, हात आपल्या आईचा असता तर?" तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला. सख्खा भाऊ आहे, म्हणून एवढंच लिहिते.

चौकशीला मलाही बोलावलं होतं, खोकी बंद करणारी म्हणून. वहिनीने तक्ता टेबलावर ठेवला, ओळीवर बोट ठेवलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "चूक कोणाची?" साहेब खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता घे म्हणावं नाव, उघडं पाड एकदाचं.

"ओळ माझी आहे," ती म्हणाली. "चार दिवस मागितले होते, मिळाले नाहीत. तरी ओळ माझी."

दुसऱ्याच दिवशी तिला काढलं. पत्तेवालीचा पत्ता कट, असा विनोद झाला. ज्याने केला त्याच्याशी मी आजही बोलत नाही. साहेब खुर्चीत शाबूत आहेत. तक्त्यातली ती ओळ कोणीतरी गुपचूप दुरुस्त केली, आणि सगळी खोकी परत मागवून मीच उघडली.

पण त्या दिवशी चौकशीच्या खोलीबाहेर ड्रायव्हर उभा होता. नोकरी वाचली हे त्याला कळलं होतं. त्याने आभार मानले नाहीत. वहिनीला एवढंच विचारलं, "ताई, लाल दिवा लागला नव्हता ना?"

"नव्हता."

"नक्की?"

"नक्की. लागूच शकत नव्हता."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "सगळे इतकं म्हणत होते," तो म्हणाला, "की हल्ली मलाही तो लालच आठवायला लागला होता."